सरळ फळ्या, गोल ओटा

मुळशी, कर्जत, अलिबाग, गुहागर. शहरातल्या माणसांची दुसरी घरं जिथे जिथे उभी राहतायत, तिथे बागेतला लाकडी डेक आता गृहीतच धरला जातो. जमिनीपासून वीतभर किंवा हातभर उंच, खाली कड्या, वर फळ्या. वाड्यातल्या कडीपाटाचीच ही रचना, फक्त उघड्यावर आणलेली. डेक चौकोनी असेल तर हात बसलेल्या सुताराला त्यात फारसं अवघड काही नसतं. नकाशावर कुणी कंपास टेकवला की अडचणी सुरू होतात. झाड सरळ वाढतं, करवत सरळ चालते, गुण्या काटकोनच दाखवतो, आणि या सगळ्यातून वर्तुळ काढायचं असतं.

त्याचे मार्ग तीनच आहेत. फळी कापून गोल करायची, तुकडे जोडून गोल करायचं, किंवा फळीच वळवायची. गेल्या दोनशे वर्षांत जहाजं, खुर्च्या, पूल, धक्के आणि बागांमध्ये जे काही झालं ते यातलंच कुठलं तरी, किंवा यांची सरमिसळ. कोणता मार्ग कुठे चालतो, कुठे दगा देतो आणि आपल्या पावसाळ्यात त्याचं काय होतं, ते एकत्र मांडून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गोल डेकचा मधला भाग सोपा असतो. सगळी परीक्षा कडेची असते, म्हणून पैसा, वेळ आणि डोकं कडेसाठी राखून ठेवावं.

आज आपण ज्याला डेक म्हणतो तो बऱ्याच अंशी अमेरिकेत घडला. अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर १८७० साली फळ्यांचा पहिला पदपथ घातला गेला, कारण समुद्रावर फिरून आलेले पाहुणे हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू आणत होते. घरामागच्या बागेत लाकडी डेकला मान मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यात, कॅलिफोर्नियात. तिथल्या थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराची सोनोमामधली डॉनेल बाग १९४८ची. तिचा मूत्रपिंडाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव पुढे जगभर नकलला गेला. पण त्याच बागेतला रेडवूडचा डेक पाहावा. तो चौकटींच्या जाळीत बसवलेला आहे आणि त्यातून ओकची झाडं वर आली आहेत. चर्चनं वळण काँक्रीटच्या तलावाला दिलं आणि लाकडाला सरळ राहू दिलं. वळणाची इतकी आवड असलेल्या माणसाचा हा संयम मला फार बोलका वाटतो.

लाकूड वळत नाही असं नाही. ते कुठल्या अंगाने वळवताय यावर सगळं अवलंबून आहे. पाच मीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे साडेसोळा फुटांचा डेक धरू. त्रिज्या अडीच मीटर. फळी २५ मिलिमीटर जाड आणि १४० मिलिमीटर रुंद. ही फळी कडेला उभी धरून जाडीच्या अंगाने वळवली, तर तिची बाहेरची बाजू अर्धा टक्का ताणली जाते. हिशोब साधा आहे: निम्मी जाडी भागिले त्रिज्या. आता तीच फळी जमिनीवर पसरून रुंदीच्या अंगाने वळवायची म्हटली, तर निम्मी रुंदी ७० मिलिमीटर आणि ताण २.८ टक्के. कोरडं, थंड लाकूड एक टक्क्याच्या आसपास हात टेकतं. म्हणजे कडेची उभी झालर दोन माणसं आणि चार शिकंजे लावून वळवता येईल, पण डेकच्या पृष्ठभागावर कडेनं फिरणारी आडवी फळी तशी वळणार नाही, कितीही जोर लावला तरी. पुष्कळ गोल डेकांचं अंदाजपत्रक इथेच चुकतं. चित्रात दोन्ही वळणं सारखीच दिसतात.

आधी सांगाडा. गोल डेकखालचा सांगाडा गोल असायची गरज नसते, बहुकोन पुरतो. पाच मीटर व्यासात बारा बाजूंचा बहुकोन बसवला तर प्रत्येक बाजू सुमारे १.३ मीटर लांब येते आणि बाजूच्या मध्यावर वर्तुळ चौकटीच्या ८५ मिलिमीटर बाहेर पडतं. इतकी फळी आधाराशिवाय बाहेर काढली तर कडेवर पाय पडला की ती लवणार. सोळा बाजू केल्या तर ही तूट ४८ मिलिमीटरवर येते, चोवीस केल्या तर २१ वर. सोळा हा चांगला मध्य आहे. त्यापुढे सांधे वाढतात आणि फायदा घटत जातो.

दुसरी रीत अमेरिकी सुतारांची. तुळईवर कड्या मुद्दाम लांब सोडायच्या, मध्यबिंदूवर खिळा ठोकून त्याला लांब पट्टी अडकवायची, तिच्या टोकाला पेन्सिल बांधून सगळ्या कड्यांच्या माथ्यावरून एकच कंस ओढायचा आणि प्रत्येक कडी तिच्या तिच्या कोनात कापायची. काम झपाट्यानं होतं आणि रेष सुंदर येते. तुळईपुढे कडी किती काढायची याचा तिकडचा दंडक मागच्या गाळ्याचा चौथा हिस्सा असा आहे, आणि तो पाळावाच. पण वर्तुळाच्या ज्या दोन बाजूंना कंस कड्यांना समांतर धावतो तिथे कड्यांची टोकंच नसतात, त्यामुळे झालरीला धरायला काही उरत नाही. तिथे दोन कड्यांमध्ये आडवे ठोकळे घालावे लागतात, दर फुटाला एक. हे ठोकळे विसरले की वर्षभरात झालर नेमकी तिथेच सुटते.

पृष्ठभागाचा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे फळ्या सरळ, एकमेकींना समांतर टाकायच्या, टोकं वेडीवाकडी बाहेर सोडायची आणि शेवटी एकदाच गोल कापायचं. कापायला जिगसॉ नको. तिचं पातं जाड फळीत तिरकं जातं आणि कड खालून आत झुकते. राउटरला लांब हात लावून तो मध्यबिंदूभोवती फिरवावा, एका फेरीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. चार-पाच फेऱ्यांत कड अशी येते की तिच्यावरून बोट फिरवावंसं वाटतं.

त्याच कडेवर दोन जागा मात्र नीट बघायच्या. कंस जिथे फळ्यांना जवळजवळ समांतर होतो, तिथे शेवटच्या फळ्या निमुळत्या होत होत सुरीच्या टोकासारख्या संपतात. या टोकाला स्क्रू बसत नाही. बसवला तर फळी चिरते, नाही बसवला तर टोक उन्हानं वर वळतं आणि अनवाणी पायात घुसतं. हे दुखणं जुनं आहे आणि त्याचा इलाज जहाजं बांधणाऱ्यांनी फार पूर्वी काढला. जहाजाच्या डेकवर कडेनं एक रुंद फळी फिरते. मधल्या फळ्या तिच्यापाशी येऊन टोकदार संपू देत नाहीत. त्यांचं टोक बोथट छाटतात आणि कडेच्या फळीत तेवढीच खाच पाडून त्यात बसवतात. बागेतल्या डेकला हेच करावं. दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा खाचा पडतात, एका दिवसाचं काम. पण डेकवर आलेला जाणता माणूस आधी तिथेच वाकून बघतो.

जहाजाचा विषय निघालाच आहे, तर मुंबईची गोष्ट सांगायला हवी. इथल्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभी आहे. अशा मोठ्या युद्धनौकांवर डेकच्या फळ्या सरळच असत. हौशी, निमुळत्या नौकांवर मात्र फळ्या बाजूच्या वळणाबरोबर वळवून टाकतात, आणि ते जमतं कारण त्या फळ्या जेमतेम ४५-५० मिलिमीटर रुंद असतात आणि नौकेचं वळण लांबच लांब, सैल असतं. बागेतलं वर्तुळ त्या मानानं फार आवळलेलं. अडीच मीटर त्रिज्येवर ४५ मिलिमीटरच्या पट्टीलाही ०.९ टक्के ताण येतो, म्हणजे तुटण्याच्या काठावर. ३० मिलिमीटरच्या पट्ट्या घेतल्या तर काम होतं, पण मग पट्ट्या मोजत बसावं लागतं आणि स्क्रूंचा हिशोब हजारांत जातो.

आता किरणांसारख्या फळ्या. मध्यापासून कडेकडे पसरत जाणाऱ्या पाचरींचा डेक फोटोत सगळ्यात भाव खातो आणि लाकूडही सगळ्यात जास्त खातो. आपल्याच मापाच्या डेकचा परीघ १५.७ मीटर. कडेला १४० मिलिमीटर रुंद अशा ११२ पाचरी लागतील. मध्ये एक मीटर व्यासाची चकती सोडली तर तिच्यापाशी प्रत्येक पाचर २८ मिलिमीटर उरते. सरळ फळीतून एकेक पाचर कापली तर ४० टक्के लाकूड भुशात आणि ढलप्यांत जातं. जाणता सुतार १७१ मिलिमीटर रुंद फळी घेतो आणि तिला एकच तिरका काप देतो, म्हणजे एकीचं डोकं तिथे दुसरीचं शेपूट अशा दोन पाचरी निघतात आणि वाया जाते फक्त करवतीची वाट. हिशोब उत्तम आहे, पण १७१ मिलिमीटरची निर्दोष फळी बाजारात मिळायला हवी आणि पाचरींच्या फटी सगळीकडे सारख्या ठेवायला हव्यात. प्रत्येक पाचरीत अर्धा मिलिमीटर चुकला तर ११२व्या पाचरीपर्यंत साडेपाच सेंटिमीटर चुकलेले असतात. म्हणून काम एका बाजूनं सुरू करून फिरत जायचं नाही. आधी वर्तुळाचे आठ भाग आखून घ्यायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्र भरायचा, म्हणजे चूक आपापल्या हद्दीत राहते.

तिसरी तऱ्हा कड्यांत कडी अशा बहुकोनांची, कोळ्याच्या जाळ्यासारखी. बारा बाजू असतील तर प्रत्येक फळीचं टोक १५ अंशात कापायचं. लाकूड फारसं वाया जात नाही आणि लांबून डेक गोलच वाटतो. अडचण सांध्यांची. लाकूड ओलाव्यानं रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तिरका सांधा जूनमध्ये एका टोकाला उघडतो आणि मार्चमध्ये दुसऱ्या. विलायती बागांत हा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा असतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिलमध्ये फळीतून वाफ निघेल असं ऊन पडतं. इथे सांध्यात मुद्दामच चार-पाच मिलिमीटर फट ठेवावी आणि ती नक्षीचा भाग मानावी. घट्ट मिटवलेला सांधा पहिल्याच वर्षी सुतारालाही खोटं पाडतो आणि मालकालाही.

कडेनं फिरणारी आडवी फळी हवीच असेल तर ती तुकड्यांतून कापून काढावी लागते, बैलगाडीच्या चाकाच्या पुठ्ठ्यांसारखी. चाकाला साधारण दोन आऱ्यांमागे एक पुठ्ठा असतो आणि जुने सुतार त्यासाठी मुळातच वाकडी वाढलेली बाभळीची फांदी शोधत, म्हणजे लाकडाचे तंतू वळणाबरोबर जातात आणि पुठ्ठा आडवा तुटत नाही. आपल्याला सरळ फळीच मिळते. १४० मिलिमीटर रुंदीची कड बारा तुकड्यांत काढायची तर प्रत्येक तुकड्यासाठी २२० मिलिमीटर रुंद फळी लागते. चोवीस तुकड्यांत काढली तर १६० पुरते. म्हणून तुकडे जास्त असलेलेच बरे, शिवाय लहान तुकड्यात तंतू फार तिरके कापले जात नाहीत. पुठ्ठ्यांना शेवटी लोहार तापवलेली धाव चढवतो, वर पाणी ओततो, ती आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. डेकला अशी धाव नसते, असं वाटेल. पुढे तिच्याकडे येतो.

लाकूड खरोखर वळवायचं शास्त्र मिखाएल टोनेट यानं पक्कं केलं. बोपार्ड गावचा हा जर्मन सुतार पुढे व्हिएन्नात गेला आणि १८५९ साली त्याची १४ नंबरची खुर्ची आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. जुन्या इराण्याच्या हॉटेलांतल्या वळवलेल्या लाकडी खुर्च्या याच घराण्यातल्या. टोनेटचं मर्म असं की वाफेवर मऊ झालेलं लाकूड फारसं ताणलं जात नाही, पण दाबलं मात्र पुष्कळ जातं. म्हणून त्यानं काठीच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट बांधली. पट्टी बाहेरची बाजू ताणू देत नाही, त्यामुळे सगळं वळण आतली बाजू दबून निघतं आणि काठी तुटत नाही. वाफेचा सर्वसाधारण हिशोब इंचभर जाडीला तासभर असा आहे. बीच, ॲश, ओक असली लाकडं वाफेला चांगली वश होतात. भट्टीत सुकवलेलं किंवा रसायन भरलेलं पाइन तितकं होत नाही, आणि सुमारे २०० अंशांवर भाजून टिकाऊ केलेलं थर्मोवूड तर कडकच, ते वळवायच्या फंदात पडू नये. आपल्या किनाऱ्यावर होडी बांधणारे फळी भिजवून, खालून शेक देऊन वळवतात, तेही याच घराण्यातलं ज्ञान. पण होडीच्या बाजूची फळी वळते तीही जाडीच्याच अंगाने.

डेकच्या झालरीसाठी वाफेपेक्षा थर चिकटवणं बरं. सहा मिलिमीटरच्या चार-पाच पट्ट्या एकावर एक, सांधे मागेपुढे ठेवून, साच्यावर आवळून चिकटवायच्या. इमारतींसाठी हेच तंत्र मोठ्या तुळयांवर जर्मनीत ओटो हेट्झरनं रुळवलं, त्याचं पेटंट १९०६चं. पाच थरांची पट्टी साच्यातून काढल्यावर अगदी थोडीच, चारेक टक्के, मागे सरकते. गोंद मात्र इपॉक्सी किंवा रिसॉर्सिनॉल जातीचा हवा. सुताराच्या डब्यातला नेहमीचा पांढरा गोंद दोन पावसाळ्यांत थर सोडतो. फळीच्या मागच्या अंगाला जवळ जवळ चिरा पाडून ती वळवण्याची युक्तीही पुष्कळजण सांगतात. घरातल्या काउंटरला ती ठीक आहे. उघड्यावर त्या चिरांत पाणी साठतं आणि समोरचा उरलेला चार-पाच मिलिमीटरचा पापुद्रा कुजतो. मी ती बागेत करू देणार नाही.

पाणी हाच या सगळ्याचा मुख्य धागा. लाकूड कापलेल्या तोंडातून पाणी पितं, पृष्ठभागातून पितं त्याच्या कितीतरी पट वेगानं. चौकोनी डेकला अशी उघडी तोंडं दोनच बाजूंना असतात. सरळ फळ्यांचा गोल डेक जवळजवळ पूर्ण परीघभर तोंड उघडून बसलेला असतो. म्हणून कापल्या कापल्या, त्याच दिवशी, प्रत्येक तोंडाला मेण किंवा पातळ इपॉक्सी लावायची. फळीला तेल पाजायचं राहिलं तर ती फक्त राखाडी होते. तोंड बंद करायचं राहिलं तर ती कुजते.

कुजण्याविरुद्धच्या लढाईत भारताचा एक मोठा वाटा आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं लाकडात भरायची रीत सोंटी कामेसम या शास्त्रज्ञानं देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली शोधली. सीसीए नावानं ती जगभर गेली आणि अमेरिकेतले लाखो डेक, खांब, कुंपणं तिच्यावर उभी राहिली. पुढे आर्सेनिकच्या भीतीनं तिथल्या उत्पादकांनी २००३च्या अखेरीला घरगुती वापरातून ती काढून घेतली. तिच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांबं जास्त असतं आणि ते साध्या झिंक चढवलेल्या स्क्रूंना खाऊन टाकतं. तेव्हा स्क्रू स्टेनलेसचेच घ्यावेत, खाऱ्या हवेत ३१६ जातीचे. सागवानाला साधा लोखंडी खिळा लावला तर त्याभोवती काळा डाग पसरतो. हिरडा आणि लोखंड यांची शाई ज्या रासायनिक गुणावर व्हायची, तोच हा गुण.

लाकूड कोणतं, यावर तासन्‌तास बोलता येईल, पण थोडक्यात आटपतो. जुनं सागवान अजोड, मात्र आज बाजारात येणारं लागवडीचं कोवळं सागवान त्याचं फक्त नाव लावतं. त्यात बाहेरचं पांढरं लाकूड पुष्कळ असतं आणि त्याला वाळवी लागते. तेवढा भाग काढूनच घ्यावा. आपल्याच शेतातला साग तोडायलाही महाराष्ट्रात परवानगी लागते, ती नसताना ‘स्वस्तात पडेल’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ब्राझिलचं इपे पाण्यात बुडावं इतकं जड आणि टिकाऊ. योकोहामाच्या ओसानबाशी बंदराचं २००२ साली झालेलं लाटांसारखं छत याच लाकडानं मढवलं आहे. पण या जातीची लाकडं नोव्हेंबर २०२४पासून धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटीस करारात आली, त्यामुळे व्यापाऱ्याकडे कागद मागावेत. सिंगापूरचा हेंडरसन वेव्ह्ज पूल २००८चा, २७४ मीटर लांब, बालाउ लाकडाचा. तिथला पाऊस आपल्या तोडीचा, म्हणून आपल्यासाठी तो जास्त उपयोगी दाखला. तिथे हजारो फळ्या वेगवेगळ्या मापानं आधीच कापून आणल्या होत्या. वळणाची मेहनत सुताराच्या हातून संगणकावर गेली, इतकंच. असं काम करणारी सीएनसी यंत्रं आता आपल्या शहरांतही मिळतात.

डब्ल्यूपीसीबद्दल नेहमी विचारलं जातं. प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाची ही पट्टी कुजत नाही, वाळवी तिला हात लावत नाही, पण गोल डेकसाठी तिच्यात एक खोट आहे. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक पट्टी आतून पोकळ असते. गोल कापली की परीघभर तिची भोकं दिसतात आणि कंपनीची बुचं सरळ कापासाठीच केलेली असतात, तिरक्या तोंडाला बसत नाहीत. घ्यायचीच तर भरीव घ्या. शिवाय उन्हात ती लांबीत वाढते, तीन मीटरला तीन-चार मिलिमीटर, आणि मे महिन्याच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. सिंधुदुर्गातला माणगा बांबू मला यापेक्षा आशेचा वाटतो. भरीव आणि लवचीक असल्यामुळे वळण त्याला सहज जमतं. मात्र रसायनप्रक्रिया केल्याशिवाय तो उघड्यावर ठेवणं म्हणजे भुंगेऱ्याला आमंत्रण.

आता धावेकडे. गावोगावी ग्रिल आणि जिने करणारे फॅब्रिकेटर आहेत, आणि त्यांच्याकडे रोलर असतो. ५० बाय ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी अडीच मीटर त्रिज्येत ते थोड्या वेळात काढून देतात. जे वळण लाकडाकडून मागताना सगळे घायकुतीला येतात, ते लोखंड सहज देतं. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपांचा, कडेला वळवलेली पट्टी, आणि लाकूड फक्त वर, पायाला लागण्यापुरतं. जस्त चढवायचं ते वेल्डिंग झाल्यावर, आधी नाही, कारण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं. फळ्यांची तोंडं पट्टीला चिकटवायची नाहीत. मध्ये आठ-दहा मिलिमीटर फट ठेवायची, म्हणजे पाणी खाली जातं, तोंड वाळतं आणि सागवानावर काळा डाग पडत नाही. काही आर्किटेक्टांना ही लबाडी वाटते, लाकडी डेकला लाकडीच कड हवी असते. ज्यांच्याकडे जुनं सागवान आणि होडी बांधणारा कारागीर दोन्ही आहे, त्यांनी तो हट्ट जरूर धरावा.

डेक उतारावर असेल, म्हणजे लोणावळा-महाबळेश्वरकडे एक कड जमिनीपासून माणूसभर वर, तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत जून २०१५मध्ये एका इमारतीची गॅलरी कोसळून सहा तरुण गेले. तिच्या पुढे काढलेल्या लाकडी कड्या आतल्या आत ओलाव्यानं कुजल्या होत्या आणि वरून काही दिसत नव्हतं. तोललेल्या कडीवर पाणी अडकेल असं काही झाकू नये, आणि खाली शिरून टोचून बघता येईल इतकी वाट ठेवावी. खांब मातीत गाडू नयेत. वाड्यात जसा खांब तळखड्यावर उभा असतो, तसा तो दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, मध्ये लोखंडी बूट घालून उभा करावा.

अटलांटिक सिटीच्या त्या पहिल्या पदपथाची एक गोष्ट मात्र कोकणात कुणी करताना दिसत नाही. त्याचे भाग सुटे होते आणि हंगाम संपला की उचलून ठेवत. कोकणी माणूस खळ्यातला मांडव पावसाआधी उतरवतोच. लहान गोल डेक आठ पाचरींच्या सुट्या चौकटींत बांधला, प्रत्येक चौकट दोघांना उचलेल इतकी हलकी ठेवली, तर मे अखेरीला ती पडवीत रचून ठेवता येते. लाकडाचं आयुष्य त्यानं किती वाढेल ते सांगायला लाकूडतज्ज्ञ लागत नाही.

राहता राहिलं झाड. आपल्याकडे गोल ओट्याला खरं कारण तेच आहे, गावचा पार. पण दगड-सिमेंटचा पार मुळांचा श्वास कोंडतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं ते त्याचसाठी. लाकडी डेकखाली पाणी जातं, हवा खेळते, पालापाचोळा कुजून मातीत मिसळतो. एकच काळजी घ्यायची. खोडाभोवतीचं वर्तुळ वर बसवलेल्या कडेसारखं पक्कं करायचं नाही, कारण खोड वाढणार आहे आणि वाढताना ते डेक उचकटेल किंवा डेक त्याची साल कापेल. खोडापासून किमान वीतभर मोकळी जागा सोडावी, खांबांचे खड्डे हातानं खणावेत आणि जाड मूळ लागलं तर खांब सरकवावा, मूळ तोडू नये. सगळ्यात आतली फळ्यांची रांग वेगळ्या तुकड्यांची करावी, तिचे स्क्रू वरून दिसतील असे ठेवावेत आणि दर दोन-तीन वर्षांनी ते काढून तुकडे पुन्हा कापावेत. आंब्याला हे जास्त वेळा करावं लागतं. वडाखाली करत असाल तर वर बघूनही जागा सोडा, पारंब्या फळ्यांची फट शोधून खाली उतरतात.